राणीमाशीला लावलेलं अत्तर

वडील बडोद्याच्या दरबारी दफ्तरात मोडी वाचायचे. इंग्रजी त्यांना येत नसे, म्हणून मधमाश्या पाळण्याचं इंग्रजी पुस्तक मी वाचून सांगायची. एरवी आमचं फारसं बोलणं नव्हतंच.

त्या वर्षी त्यांनी भरलेल्या पेटीतल्या निम्म्या माश्या दुसऱ्या पेटीत घातल्या. राणी जुन्या पेटीतच राहिली. नव्या पेटीसाठी दुसरी राणी जाळीच्या डबीतून आली. डबीचं तोंड साखरेच्या गोळ्यानं बंद होतं. माश्यांनी तो कुरतडून खायचा, तोवर राणीला पेटीचा वास लागतो. परक्या वासाच्या राणीला त्या मारतात, हे मीच वाचून दाखवलं होतं.

माश्या शांत व्हाव्यात म्हणून वडील पेटीला धूर द्यायला गेले. तेवढ्यात आत्यानं हळदीकुंकवाची अत्तरदाणी आणली आणि डबीला अत्तर लावलं.

"नवी सून अशी कोरडीच घरात घ्यायची का गं?" ती हसून म्हणाली.

मी पुस्तकातच बघत राहिले.

पाचव्या दिवशी राणी पेटीच्या दाराशी मरून पडली होती.

"तू नीट वाचलं होतंस ना?" वडिलांनी विचारलं.

"मडमांच्या शाळेतली ती," आत्या म्हणाली. "तिला मराठीत सांगता तरी येतं का?"

अत्तराचं नाव न काढता मी पुस्तक मिटून वडिलांच्या हातात दिलं.

पुढची राणी आली, तेव्हा वडील पुस्तक घेऊन शहरात मांडवीजवळ एका इंग्रजी येणाऱ्या कारकुनाकडे गेले. परत आल्यावर त्याच्या सांगण्यावरून त्यांनी साखरेचा गोळा आधीच काढून टाकला आणि डबी पेटीत ठेवली. मी खिडकीतून पाहत होते. मला कुणी विचारलं नव्हतं.