ग्राहक प्रतिसाद देत नाहीत

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे पोचपावती म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर ते काका. पण ते जागेवरून उठले की लगेच कुणीतरी म्हणायचं, "पोचपावती कुठे गेली?" या माणसाला प्रत्येक गोष्टीची पावती लागायची. कुणी त्यांचा स्टेपलर उसना नेला तरी वहीत सही. "साहेबांना निरोप दिलाय," असं म्हटलं की चष्म्यावरून बघत विचारणार, "दिलास, पण पोचला का?" सहा वर्षं माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून होतं. डोक्याला नुसता ताप होता.

आमची कंपनी पार्सलं पोचवते. म्हणजे तसं गाड्यांवर लिहिलेलं असतं. खाली गोदाम आहे, वर आमचा तक्रार विभाग. पार्सल न पोचलेल्या माणसांचे शिव्याशाप ऐकून घेणे, हे आमचं काम. त्यासाठी तीन वाक्यं ठरलेली होती. तुमची तक्रार नोंदवली आहे. ड्रायव्हरला कळवलं आहे. चोवीस तासांत पार्सल पोचेल. मला झोपेतून उठवलंत तरी मी ही तीन वाक्यं त्याच गोड आवाजात म्हणून दाखवीन. समोरच्या टेबलावर बसणाऱ्याला आम्ही गायब म्हणतो, कारण फोन वाजला की तो गायब. त्याचे फोन मी घ्यायचे. साहेब काचेच्या खोलीत बसून आकडे बघतात. अशा ठिकाणी पोचपावती एकटे असे होते की जे ग्राहकाचं बोलणं संपेपर्यंत ऐकायचे, सगळं कॉम्प्युटरवर शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे, 'दार मागच्या बाजूला आहे', 'कुत्रा बांधलेला असतो', 'आजोबांना यायला वेळ लागतो, थांबावे', आणि मगच फोन ठेवायचे. त्यांच्यामुळे विभागाचा आकडा बिघडायचा. साहेब त्यावरून त्यांना महिन्यातून एकदा सुनवायचे आणि ते मान हलवायचे.

एकदा मात्र त्यांचं कौतुक झालं होतं. ड्रायव्हर चार-चार मजले चढून जायचे आणि दाराला कुलूप. गुडघ्यांची वाट लागायची. काकांनी सुचवलं, आधी खालून फोन करा, ग्राहक बोलला तरच जिना चढा. ही सूचना साहेबांच्या वरच्या साहेबांना इतकी आवडली की नियमच झाला. फोनवर कुणी बोललं नाही तर 'ग्राहक प्रतिसाद देत नाहीत' असा शेरा मारायचा आणि पुढे निघायचं. असं तीन वेळा झालं की पार्सल परत. बक्षीस म्हणून काकांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्या घड्याळाची पावतीही त्यांनी मागून घेतली होती, हे वेगळं सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाजाची पेटीच काढावी लागली. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला पुढे एक भोक, त्यातून श्वास. ओठ हलतात, पण त्यांतून शब्द ऐकू येत नाही. मग डॉक्टरांनी एक यंत्र दिलं, दाढीच्या मशीनएवढं. ते गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की घूं घूं करत सपाट आवाजात शब्द उमटतात. घरात त्याचं नाव भुंगा पडलं. हे नाव काकूंच्या मोठ्या बहिणीने ठेवलं होतं. ही ताई दूरच्या गावी मुला-सुनेकडे राहायची. लहानपणापासून आंधळी. दोघी बहिणी रोज चार वाजता फोनवर बोलायच्या, चाळीस वर्षांचा नेम होता तो. ऑपरेशननंतरही खंड पडला नाही. ताई म्हणायची, "धाकटे, तू गप्प बस, भुंग्याला फोन दे." काका हे ऑफिसात सांगताना हसायचे. मी मान वर न करता "हो का" म्हणायची.

मग ताई आजारी पडली, आणि त्याच आठवड्यात भुंगा ओट्यावरून पडून बंद झाला. दुसऱ्या शहरातल्या कारखान्याने दुरुस्तीला मागवला. बदली यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. काकूंना प्रवास डॉक्टरांनी बंद केलेला, त्यामुळे ताईकडे जाता येत नव्हतं. आंधळ्या माणसाला चिठ्ठी लिहून उपयोग नाही. काकांनी फोन करून ताईला समजावलं, "भुंगा दुरुस्तीला गेलाय, ती बोलू शकत नाही, पण ऐकतेय." ताई हो म्हणाली. पण औषधांनी तिचं डोकं ताळ्यावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिने फोन लावला आणि विचारलं, "धाकटे, बोलत का नाहीस? रागावलीस का?" काकूंनी फोनवर बोटाने टकटक केलं. ताई म्हणाली, "अगं, काही चुकलं असेल तर सांग. अशी गप्प नको बसू." मग रोज तेच सुरू झालं. सून समजावायची, घटकाभराने ताई विसरायची. डॉक्टरांनी आठ-दहा दिवसांची मुदत सांगितली होती.

भुंगा दुरुस्त होऊन निघाला तो आमच्याच कंपनीच्या पार्सलातून. काका त्या दिवशी खुशीत होते. मला म्हणाले, "परवा पोचेल बघ. ताईच्या कानावर हिचा आवाज एकदा पडला की झालं."

मंगळवारी कॉम्प्युटरवर शेरा आला, ग्राहक प्रतिसाद देत नाहीत.

काकांना वाटलं, नंबर चुकला असेल. घरी विचारलं तर काकूंनी मेसेज केला, फोन आला होता, मी उचलला, तो हॅलो हॅलो म्हणाला आणि बंद केला. काकांनी डोक्याला हात लावला. कारखान्याने पार्सलावर काकूंचाच नंबर घातला होता. नंबर बदलायचा तर पाठवणाऱ्याने बदलायचा, असा नियम. कारखान्याचा फोन दिवसभर गुंतलेला. काकांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'ग्राहक बोलू शकत नाहीत, पण घरी आहेत. कृपया जिना चढावा. दुसरा मजला.' तीनदा वाचून पाहिलं. मग साहेबांकडे उद्याची रजा मागायला गेले.

"तुमच्या रजा मिसेसच्या आजारपणात संपल्यात," साहेब म्हणाले. "आणि उद्या गायबही नाहीये."

"साहेब, अर्धा दिवस तरी."

"अहो, पार्सल घ्यायला रजा? आपण पार्सलवाले ना?" असं म्हणून साहेब स्वतःच हसले.

बुधवारी पुन्हा तोच शेरा आला. दुसरा प्रयत्न.

त्या दिवशी काका माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. माझ्या कानाला हेडफोन, तीन फोन रांगेत. ते म्हणाले, "अगं, ड्रायव्हरचा नंबर मिळवून देतेस का? तुझी गोदामात ओळख आहे." ओळख होती. खाली जायचं म्हणजे पास काढायचा, गोदामवाल्याची मनधरणी करायची, तोवर फोन साचणार. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "काका, तक्रार नोंदवली आहे ना? ड्रायव्हरला कळवलं आहे. चोवीस तासांत पोचेल."

त्याच गोड आवाजात म्हणाले मी. तोंडातून निघून गेलं. काका आपल्या जागेवर जाऊन बसले. मला त्याची आजही लाज वाटते.

गुरुवारी काकूंनी स्वतःच डोकं चालवलं. सकाळपासून खाली फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या. दुपारी एक वाजता फोन वाजला. त्यांनी उचलला, टकटक केलं. "हॅलो? हॅलो?" तेवढ्यात त्यांना कोपऱ्यावर आमची गाडी दिसली. ड्रायव्हर आतच बसून फोनवर बोलत होता. काकू धावल्या. दोन वर्षांत ही बाई एकदाही धावली नव्हती. गळ्याला रुमाल धरून, दुसरा हात वर करून धावल्या. हाक मारायची सोय नव्हती. गाडी निघून गेली. त्यांचा मेसेज आला, 'गाडी कोपऱ्यावर होती. मी धावले. गेली.' त्याच क्षणी काकांच्या कॉम्प्युटरवर तिसरा शेरा उमटला.

काका उठले आणि थेट संगणक विभागात गेले. मी या वेळी हेडफोन काढला आणि मागोमाग गेले. काकांनी विचारलं, "माझे शेरे ड्रायव्हर वाचतच नाही का?"

तिथला माणूस म्हणाला, "कुठले शेरे?"

"रकान्यातले."

"ते होय. ते ड्रायव्हरच्या मोबाइलवर जात नाहीत. ते फक्त तुमच्या विभागाला दिसतात."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मला त्यांच्या बांधलेल्या कुत्र्यांची, मागच्या दारांची, हळू चालणाऱ्या आजोबांची आठवण झाली. सहा वर्षं माझ्या डोळ्यांदेखत हा माणूस जीव तोडून लिहीत होता आणि ते परत त्याच्याच पुढ्यात येऊन पडत होतं. मी मात्र कटकट नको म्हणून कधी लिहिलंच नव्हतं. मला रडू आलं, ते रागाने की कशाने, सांगता येणार नाही.

परतीची पार्सलं गोदामात जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. पाच वाजता ट्रक निघतो. पास मिळवता मिळवता साडेचार झाले. गोदामवाला स्वभावाने वाईट नाही, पण नियमाबाहेर बोटभर हलणार नाही. जाळीतून खोका दिसत होता, काकूंचं नाव ठळक अक्षरात.

"द्यायला माझी हरकत नाही," तो म्हणाला. "पण ग्राहकाचा तोंडी होकार लागतो. फोन लावतो, त्यांनी नाव सांगितलं की घेऊन जा."

"अहो, ती बोलू शकत नाही. तिचा आवाज त्या खोक्यात आहे," काका म्हणाले.

"मग इथे घोडं अडतं ना काका."

तरी त्याने फोन लावला. स्पीकरवर टाकला. काकूंनी लगेच उचलला. "पूर्ण नाव सांगा," गोदामवाला म्हणाला. उत्तर आलं नाही. फक्त हवेचा आवाज येत होता, आत-बाहेर, आत-बाहेर, मध्येच अडकत, पुन्हा जोरात.

"लाइन खराब आहे."

"लाइन बरी आहे," काका म्हणाले. "श्वास आहे तो तिचा. दुपारी धावलीय ना, दम लागलाय अजून." मग फोनकडे वाकून म्हणाले, "अगं, भुंगा मिळतोय. हो असेल तर दोनदा टकटक कर."

बराच वेळ काही झालं नाही. मग एकदा टक झालं, आणि थोड्या वेळाने दुसऱ्यांदा.

गोदामवाला माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि कागदावर सही ठोकली. "तक्रार विभाग. जबाबदारी माझी. काढा खोका." तो म्हणाला, "घरी जाऊन या पावतीवर ग्राहकाची सही आणून द्यायची, नाहीतर तुमची नोकरी जाईल." मी पावती पिशवीत टाकली. काका खोका छातीशी धरून बाहेर पडले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पावती मागितली नाही.

बसमध्ये ते सारखं घड्याळ बघत होते. "चारचा फोन तर होऊन गेला," म्हणाले. "हरकत नाही. आपणच लावू. सून कानाशी धरेल. ही म्हणेल, ताई मी रागावले नाही. एवढं ऐकलं तरी पुरे."

दार उघडंच होतं. काकू बक्षिसाच्या त्या घड्याळाखाली खुर्चीवर बसल्या होत्या, फोन मांडीवर पालथा. काकांनी बोलत बोलतच खोका फाडला. भुंगा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी घेतला, पण गळ्याला लावला नाही. फोन उलटा करून काकांपुढे धरला. सुनेचा मेसेज होता. मलाही तो दिसला.

'मावशी, आई पावणेचारला गेल्या. सकाळपासून एकच विचारत होत्या, धाकटीचा राग गेला का.'

चार वाजता काकूंनी तो वाचला होता. साडेचारला गोदामाचा फोन आला होता. स्पीकरवर आम्ही जे ऐकलं, ते धावल्याचा दम नव्हता. आवाज नसलेलं माणूस रडतं तेव्हा तसंच ऐकू येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

काका खाली जमिनीवर बसले. त्यांनी वर घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. "तो नियम माझाच गं," एवढंच म्हणाले.

मी दाराशीच उभी होते. काकूंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग भुंगा गळ्याला टेकवला आणि बटण दाबलं.

"तू शेजारच्या टेबलावरची ना?" तो सपाट आवाज म्हणाला. "तक्रार घेतेस ना? मग लिही."

मी पिशवीतून पावती काढली.

"मी फोन उचलला होता. प्रत्येक वेळी उचलला होता. ड्रायव्हरचाही आणि ताईचाही."

मी पावतीच्या मागच्या बाजूला ते लिहून घेतलं, तारीख आणि वेळ घालून, आणि खाली त्यांनी सही केली.