आईची टिचकी

माझ्या स्वस्तातल्या युकुलेलेला, म्हणजे चार तारांच्या त्या चिमुकल्या गिटारीला, बारीक तडे गेले होते. तारा काढल्या, तड्यांत सुतारकामाचा गोंद भरला, वर वजन म्हणून लोणच्याची बरणी ठेवली आणि दिवसभर नवऱ्याला लोणच्याला हात लावू दिला नाही.

आमच्याकडे राहायला आलेल्या आईने संध्याकाळी युकुलेले उचललं आणि माठ घेताना मारते तशी जागोजागी टिचकी मारली.

"इथे बद्द वाजतंय."

चष्मा लावून पाहिलं. केसाएवढा एक तडा माझ्या नजरेतून सुटलाच होता!

आईने आयुष्यात एकही वाद्य वाजवलेलं नाही. पण एरवी रोज फोनवर ती "जेवलीस का?" विचारते, तीही टिचकीच असणार. मी काय उत्तर देते याकडे तिचं फारसं लक्ष नसतं. ते कसं वाजतं, हे ती ऐकते.

पुन्हा गोंद, पुन्हा बरणी. दुसऱ्या दिवशी दुपारी टिचकीला मोकळा, गोड आवाज आला. मी हरखून तारा चढवायला बसले.

"जेवलीस का?" आईने विचारलं.

"हो."

ती उठली आणि माझं ताट वाढून घेऊन आली. लोणच्यासकट.