शेजारच्या टॉवरचं विरजण

दिंडोशीतल्या आमच्या टॉवरच्या तळघरात सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे. तो मी चालवते. लोकांना वाटतं मी गटार बघते, पण मी जंतू पाळते. सांडपाण्यातला अमोनिया खाऊन जगणारे, सावकाश वाढणारे, भारी नखरेल जंतू. त्यांचं काम झालं की दुसरे जंतू नायट्रोजन हवेत सोडून देतात आणि पाणी बागेला जातं.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तळघरात मुतारीसारखा वास सुटला. तपासणीच्या नळीत औषधाचे थेंब टाकले, तर पाणी हळदीसारखं पिवळं झालं. म्हणजे अमोनिया तसाच. कमिटीने सांगून टाकलं, पंधरा दिवसांत सुधारलं नाही तर दुसरं कुणीतरी बघू. सहा वर्षं जपलेला प्लांट. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग.

कारण शोधत मी एकेक मजला चढले. सातव्या मजल्यावरच्या काकू रिटायर्ड नर्स. त्या कौतुकाने म्हणाल्या, "अगं, जुनी औषधं कचऱ्यात टाकली तर कुणीतरी उचलून खाईल ना. म्हणून सगळ्या बिल्डिंगची मीच गोळा केली." पाइप तुंबू नये म्हणून त्यांनी अँटिबायोटिकची गोळी न् गोळी कुटून बादल्यांत विरघळवली होती. सगळं संडासात, वर जंतुनाशकाचे चार कॅन.

"काकू, तुम्ही माझ्या जंतूंची वाट लावलीत."

त्यांचा चेहरा पडला. जन्मभर जंतू मारले, ते कुणी पाळत असेल असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. माझा राग तिथेच विरला.

शेजारच्या टॉवरचा प्लांट माझा कॉलेजातला मित्र बघतो. मी फोन केला, "तुझ्या टाकीतला थोडा गाळ देतोस?"

"विरजण मागतेस की काय? ये, घेऊन जा."

टेम्पोतून सहा पिंपं आली तेव्हा काकू गेटवर उभ्या, वॉचमनला बाजूला करून टेम्पोला वाट देत. मग रोज सकाळी त्या चहा घेऊन तळघरात यायच्या, नाकाला पदर लावून नळी उजेडात धरायच्या आणि वहीत तिचा रंग लिहायच्या. गडद पिवळा. पिवळा. जरा फिका. मला इतकी मजा यायची की वासाचाही विसर पडायचा.

चौदाव्या दिवशी नळीतलं पाणी नितळ राहिलं. आम्ही दोघी टाकीशेजारी लहान मुलींसारख्या हसलो. तेवढ्यात चेअरमन पाहणीला उतरले. काकूंनी वही त्यांच्या हातात दिली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : पेशंट बरा आहे. डॉक्टर बदलू नये.