बुरुजावरचा नारळ

दिवाळे गावच्या जनीबाय कोळणीचा एक नेम होता. घरची बोट खाडीबाहेर गेली की ती किल्ल्याच्या पडक्या बुरुजावर नारळ ठेवायची, आणि बोट परत येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. आधी नवऱ्यासाठी, मग लेकासाठी, चाळीस वर्षं हे चाललं होतं.

रविवारी सकाळी ती बुरुजाशी आली, तर नारळ जागेवर नव्हता. रोज धावायला येणाऱ्या सोसायटीवाल्यांनी सगळा बुरुज झाडून लख्ख केला होता.

"पोरी, माजा नारल कुटं हाय?"

"तो सुकलेला ना, आजी? कचऱ्याच्या गाडीत गेला," त्यांच्यातली गीतांजली घाम पुसत म्हणाली. "टेन्शन नका घेऊ, मी नवीन आणून देते."

"बोट निंगाली तवा ठेवलेला त्यो. नवा कसा चालंल, बाय?"

लेकाचा, धर्माचा, फोन परवापासून लागत नव्हता. जनीबायनं लुगडं सावरलं आणि नारळाच्या जागी, पाण्याकडं तोंड करून, स्वतःच बसली.

"आजी, ऊन चढतंय!"

"चढू दे. माजा धर्मा येईपरत हितनं हलाची नाय मी."