सी ड्राइव्ह आणि रेखाचं डोहाळजेवण

काही किस्से निर्माल्यासारखे असतात. रोज दोन फुलं, चार पानं बाजूला ठेवावीत आणि एक दिवस पाहावं तर टोपली काठोकाठ! आमच्या मंडळाच्या कॉम्प्युटरचंही तसंच झालं आणि त्याच्या किश्श्यांचंही. कॉम्प्युटर एकदाचा रिकामा झाला, किस्से काही होईनात. म्हटलं, लिहूनच काढावेत.

आमचं गडचिरोलीतलं महिला भजन मंडळ. वार्डातल्या देवीच्या देवळामागे एक खोली आहे. तिथे ढोलकी, टाळ, सतरंज्या आणि एक कॉम्प्युटर, जेवणाच्या डब्याएवढा! कोणा भल्या माणसाने बदली होऊन जाताना तो देवीला वाहिला. देवीला वाहिलेली वस्तू परत कशी करणार? म्हणून आम्ही वापरायला लागलो. भजनं, आरत्या, हळदीकुंकवाचे फोटो, सगळं त्याच्याच पोटात. तो अधूनमधून सांगायचा, 'सी ड्राइव्ह भरला आहे.' आम्ही 'बरं' म्हणायचो आणि ती पाटी बंद करायचो.

मग कमलताईंच्या रेखाचं निघालं.

कमलताई आमच्या पेटीवाल्या. त्यांची मुलगी रेखा बंगलोरला असते. किती नवस-सायास, किती सोमवार झाल्यावर तिला दिवस गेले, आणि डॉक्टरांनी सांगितलं, पलंगावरून उतरायचं नाही. म्हणजे माहेरी येणं नाही. इकडे कमलताईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणजे यांचं जाणं नाही. सातवा लागला तशी ती माउली पेटी वाजवता वाजवता मध्येच थांबायला लागली. तेव्हा आम्ही ठरवलं, श्रावणातल्या शुक्रवारी देवळातच डोहाळजेवण करायचं आणि रेखाला व्हिडिओवर आणायचं!

मोबाईलवर नको, कारण कमलताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. "मले माही पोर मोठी दिसली पायजे," एवढंच त्यांचं मागणं. देवळातला टीव्ही कॉम्प्युटरला जोडला, व्हिडिओचं अ‍ॅप टाकायला घेतलं, तर कॉम्प्युटर म्हणतो, जागा नाही!

मग रेखा पडल्यापडल्या फोनवरून सांगायची आणि इकडे आम्ही बाया जागा करायचो.

*

पहिला मान शोभाबाईंचा. आमच्या शोभाबाई कुठल्याही कामात पुढे. पंगत बसवावी तर त्यांनीच. त्यांनी सकाळी खोली उघडली आणि तासाभराने मला फोन, "वैनी, या! जागाच जागा करून ठेवली!"

मी धावत गेले. पाहते तर स्क्रीनवरची सगळी चित्रं एका कोपऱ्यात, एकावर एक, सतरंज्यांच्या घड्या लावाव्यात तशी! मधली सगळी स्क्रीन मोकळी.

"आता बसवा म्हणा त्या व्हिडिओले मधी. पाय पसरून बसन!"

*

रेखाने फोनवर सांगितलं, "काकू, फोटो खूप झालेत. डिलीट करा आणि मग रिसायकल बिन रिकामं करा."

आता हे फोटो म्हणजे काय? रोज सकाळी येणारे देव! सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्तगुरू. शोभाबाईंना आलेला एकही देव त्यांनी पुसलेला नाही. आणि ते बिनाचं चित्र म्हणजे चक्क कचऱ्याची बादली! मी हात मागे घेतला. म्हटलं, "रेखा, देवाला बादलीत नाही टाकायची मी. त्याची काही रीत असते."

मग रीतच केली. स्क्रीनपुढे समई लावली, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला, उत्तरपूजा केली. अक्षता वाहिल्या (त्यातल्या काही कीबोर्डात गेल्या, अजून एक बटण दाबलं की कुरकुरतं), हात जोडून 'पुनरागमनाय च' म्हटलं आणि मग सगळ्या देवांना निरोप दिला. मन कसं हलकं झालं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडला तर सगळे देव जागच्या जागी!

रेखाने मागाहून समजावलं, की शोभाबाईंचा मोबाईल कॉम्प्युटरला जोडलेला होता, तिथले फोटो आपोआप इकडे येतात. पण त्याआधी आमचे हे, म्हणजे माझे यजमान, दारात उभे राहून हसले ते हसलेच. "परत या म्हणून तुमीच हात जोडले ना? आता आले तं काऊन बोंबलता?"

*

श्रावण म्हणजे चातुर्मासच. चातुर्मासात आपण एखादी आवडीची वस्तू सोडतो, कोणी वांगं, कोणी कांदा. मी सुचवलं, यंदा प्रत्येकीने देवीपुढे संकल्प सोडायचा आणि रोज आपली एक आवडती फाईल सोडायची. पुण्यही लागेल आणि जागाही होईल. सगळ्यांना पटलं.

शोभाबाईंचा नेम तर सगळ्यांत कडक निघाला. रोज सकाळी न चुकता एक फाईल. मला इतकं कौतुक वाटलं! एकादशीला तर त्यांनी दोन सोडल्या.

मग एक दिवस मी माझं सोळा सोमवारांच्या उद्यापनाचं फोल्डर उघडलं. आत काही नाही! हरतालिकेचं फोल्डर उघडलं, तेही रिकामं!

"शोभाबाई, अहो, या तर माझ्या फाइली होत्या!"

"हो ना वैनी. मले तुमच्या फाइली लय आवडत होत्या."

*

तरी जागा पुरेना. रेखा म्हणाली, "काकू, टेम्पररी फाइल्स नावाचं फोल्डर असेल. ते सगळं काढून टाका, काही होत नाही."

मी बटण दाबणार, तोच शेजारी बसलेल्या कमलताईंनी माझं मनगट धरलं. एरवी मुंगीलाही वाट देणारी बाई!

"काय लिवलं हाये म्हणता? टेम्पररी?"

"हो, तात्पुरत्या फाइली. काढून टाकायच्या."

"असं कसं एकदम काढता वैनी? काई नोटीस, काई इचारपूस? आमचे हे डेपोत अर्धी नोकरी टेम्पररीच होते. कोणी काढलं असतं तं ही रेखा शिकली असती काय?"

फोनमधून रेखाचा आवाज आला, "आई, अगं ते बाबा नाही, फाइल्स आहेत!"

"असू दे. कामाच्या असतीन बिचाऱ्या."

शेवटी तोड निघाली. कमलताई पाणी प्यायला उठल्या, तेवढ्यात मी देवीचं नाव घेऊन बटण दाबलं. देवी आणि कमलताईंचे यजमान, दोघंही मला क्षमा करोत!

*

उरल्या आरत्या. पाहिलं तर एकच आरती प्रत्येकीने आपापल्या फोल्डरमध्ये आपापल्या आवाजात भरलेली. रेखा म्हणाली, "एक ठेवा, बाकीच्या काढा." पण एक म्हणजे कोणाची? घरोघरी एकच देवी असली तरी घट ज्याचा त्यालाच प्यारा! दोन दिवस मंडळात कोणी कोणाशी धड बोलेना. तिकडे डोहाळजेवण उद्यावर आलेलं, आणि कमलताई एकेकीच्या तोंडाकडे पाहत राहिलेल्या.

मग मी देवीपुढे चिठ्ठ्या टाकल्या. निघाली लक्ष्मीबाईची. ती मूळची सिरोंच्याची, तेलुगू वळणाचा गोड गळा. देवीची इच्छा! बाकीच्या सगळ्या आरत्या गेल्या आणि काय सांगू, अ‍ॅप बसलं! लक्ष्मीबाईची आरती आनंदाने लावली. तिसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी! तिने ती स्वयंपाकघरात भरली होती.

आता देवीने निवडलेली आरती बदलायची कशी? हल्ली आमच्या देवळात तिसऱ्या कडव्याला सगळ्या बाया दमभर थांबतात. शिट्टी होऊन जाते, मग पुढे!

*

शुक्रवार उजाडला. टीव्हीपुढे पाट मांडला, पाटावर हिरवी साडी, तांदूळ, नारळ, ओटीचं सगळं साहित्य. आमचे हे दाराशी वायर धरून उभे. बटण दाबलं आणि रेखा आली! हिरव्या बांगड्या, उशीला टेकलेली, अख्ख्या टीव्हीभर. कमलताई उठून उभ्याच राहिल्या. "केवढी व माय," एवढंच म्हणाल्या.

गाणी झाली, पाटावर ओटी भरली. मग शोभाबाईंनी दोन झाकलेल्या वाट्या पुढे आणल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. आई होणारीने एक वाटी निवडायची; पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हसण्याचा खेळ तो.

"बोल रेखा, डावी का उजवी?"

"तिची डावी का आपली डावी?" लक्ष्मीबाईने विचारलं. त्यावर थोडा गोंधळ झाला.

रेखा हसत होती. म्हणाली, "दोन्ही उघडा."

"अवं, एकच निवडाची असते!"

"दोन्ही, काकू. डॉक्टर म्हणाले, आता आईला सांगायला हरकत नाही." तिने दोन बोटं वर केली, आणि तेवढ्यात चित्र जागीच थांबलं! हसरी रेखा, वर केलेली दोन बोटं. आवाजही बंद.

"दोन मिनिटं थांबा म्हणते," शोभाबाई म्हणाल्या.

"नाई, दोनदा बंद-चालू करा म्हणून राह्यली," लक्ष्मीबाई.

"जागा भरली असन पुन्हा," दारातून आमचे हे.

मी घाईघाईने माऊस शोधायला लागले. कमलताई मात्र टीव्हीपुढे तशाच उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मागे न वळता म्हणाल्या,

"हात नोका लावू व कोणी. आणखी एक नारळ आणा."