आबांच्या रानावर टिचकी

"अरं ए इंजिनिअर, म्या माझ्या रानावर टिचकी मारली आन् समदं गाव पिवळं झालं! मी काय गावाचा मालक हाय व्हय?" आबा असे ओरडले की दौंड स्टेशनात उभी मालगाडीसुद्धा दचकली असेल.

भीमेकाठच्या त्या ग्रामपंचायतीसाठी मी गावचा नकाशा ब्राउझरात मांडला होता, तोही खुल्या कोडच्या, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीवर. जमिनीच्या ज्या गटावर क्लिक कराल तेवढाच पिवळा व्हायला हवा होता. सरपंच हसले. "फुकटचं असंच असतंय. दुपारपर्यंत जमलं न्हाई तर पुण्याची कंपनी बोलवतो."

मी म्हणालो, "बोलवा. जमल्याशिवाय मी उठत नाही." आणि उठलो नाही. खुर्चीला मुळं फुटली, चहाचे चाळीस कप झाले, वरचा पंखा मला घाबरून थांबला. लायब्ररी मात्र मी सोडली नाही, आणि शेवटी खोट माझीच निघाली. कुठल्याही कामात आधी गावच्या शिवेला मान द्यायचा, या आमच्याकडच्या सवयीनं मी शिवेचा थर सगळ्यांत वर ठेवला होता. तो आतून पारदर्शक, म्हणून दिसत नव्हता. पण प्रत्येक क्लिक तोच गिळत होता. मी शीव सगळ्यांत खाली ढकलली आणि माउस आबांच्या हातात दिला.

त्यांचं रान तेवढं पिवळं झालं. मी मान ताठ करून सरपंचांकडं पाहिलं.

आबा मॉनिटरला नाक लावून म्हणाले, "बांध हातभर पलीकडं हाय."