सहावा मुद्दा

झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की मला लातूरच्या माझ्या शिकवणीतली एक मुलगी आठवते. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासून बघा, या बौद्ध विचारानं मराठी साहित्य कसं घडवलं, याचे पाच मुद्दे काढून मी त्या दिवशी वर्गात वाटले होते. वरचे पत्रे तापले होते, पंखा नुसता घरघरत होता आणि सगळी मुलं मी सांगेन त्या ओळीखाली रेघ मारत होती. अर्धापूरहून आलेली ती मुलगी मात्र पेन खाली ठेवून बसली होती. म्हणाली, "सर, मग हे पाच मुद्देबी तपासूनच बघावे लागतील की." वर्ग हसला. मी चिडलो, "बस तपासत, मार्क जातील." चाचणीत तिनं माझा एकही मुद्दा लिहिला नाही. लिहिलं होतं, की आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा आजीनं जात्यावरच्या ओव्यांतले देव काढले. ओवी मध्येच अडखळायला लागली, म्हणून तिनं तिथं स्वतःचे शब्द बसवले. शेवटी लिहिलं होतं, आमच्या घरात साहित्य असं बदललं. मी दहापैकी दोन दिले. पेपर हातात घेऊन ती एवढंच म्हणाली, "सर, तुम्ही वाचलं तरी का?" मी वाचलं होतं. पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही. आज तिच्या आजीच्या ओव्या माझ्या नोट्समध्ये सहावा मुद्दा आहेत. सगळी मुलं तो शब्दन्‌शब्द सारखा लिहितात, आणि मी पैकीच्या पैकी देतो.